टीमची माहिती सांगणारा आमचा स्लॅक बॉट

आज ऑनकॉल (अडचण आली तर धावून जायच्या ड्युटीवर) कोण आहे, स्टेजिंगवर (रिलीजआधीच्या चाचणीच्या सर्व्हरवर) कुठलं व्हर्जन चाललंय, अमुक सर्व्हिस कुठल्या टीमकडे आहे, हे प्रश्न आमच्याकडे रोज कुणीतरी विचारतंच आणि उत्तर माहीत असलेला माणूस नेमका मीटिंगमध्ये असतो. म्हणून स्लॅकवर, म्हणजे आमच्या टीमच्या चॅट ॲपवर, आपोआप उत्तर देणारा बॉट केला. आयडिया काही नवी नाही म्हणा, गिटहबने (कोड ठेवायची साइट) त्यांचा ह्युबॉट नावाचा चॅटबॉट 2011 मध्येच ओपन सोर्स केला होता, तेव्हा तर स्लॅकही बाजारात आलं नव्हतं.

स्लॅश कमांड, म्हणजे चॅटमध्ये ‘/’ लावून बॉटला द्यायची आज्ञा, बनवणं सोपं आहे, पण एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा, स्लॅकला 3 सेकंदांत उत्तर लागतं, नाहीतर समोरच्याला टाइमआउटचा एरर दिसतो. आमची ऑनकॉलची यादी दुसऱ्या सिस्टीममधून येते, ती कधीकधी रेंगाळते, म्हणून बॉट आधी नुसतं ‘बघतोय’ म्हणतो आणि खरं उत्तर मागाहून रिस्पॉन्स यूआरएलवर, म्हणजे स्लॅकने उत्तरासाठी दिलेल्या लिंकवर, पाठवतो, ती लिंक 30 मिनिटं चालते आणि तिच्यावर 5 वेळा उत्तर देता येतं, आपल्याला तेवढं पुष्कळ झालं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे उत्तर डिफॉल्टने फक्त विचारणाऱ्यालाच दिसतं. नवीन आलेली पोरं चॅनेलवर सगळ्यांसमोर विचारायला बिचकतात, बॉटला मात्र बिनधास्त विचारतात. त्यासाठी तरी माहिती ताजी ठेवायलाच हवी, त्यामुळे आता प्रत्येक उत्तराखाली ‘शेवटचा बदल कधी’ ती तारीख टाकतोय.