आज्जाच्या चाकूची मूठ

यंदा पावसाळ्यात आज्जाचा घडीचा चाकू कपाटातनं काढला तर एका बाजूची मूठ हातात आली आणि दुसरी चाकूलाच राहिली. म्हशीच्या शिंगाची मूठ, काळी, मधेच एक पिवळट रेघ. खिळ्याजवळनं चीर गेलेली आणि आतल्या अंगाला बारीक बारीक खड्डे, चक्क कसर लागलेली. लोकरीच्या स्वेटरला लागते तशी शिंगालापण लागते हे मला त्या दिवशी कळलं, दोन्ही शेवटी केराटिनच, किड्याला काय स्वेटर काय शिंग. त्यात आमच्या खानापूर बाजूचा पाऊस, चार महिने भिंतीला ओल आणि मग एप्रिलचं ऊन, शिंग फुगणार, आकसणार, खिळा मात्र जागचा हलणार नाही, मग फाटतंयच की.

आज्जा हा चाकू कोपरीच्या खिशात ठेवायचा. ऊस सोलायला, सुतळी कापायला, पायातला काटा काढायला हाच, आणि मग हाच धोतराला पुसून आम्हाला पेरू कापून द्यायला. कुणाला काही झालं नाही.

मी बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर असतो, त्यामुळं नव्या मुठीसाठी कुठं हिंडायची गरज नव्हती, डब्यात डेलरीन नावाच्या काळ्या प्लास्टिकच्या रॉडचे तुकडे पडलेलेच असतात. याचे आम्ही बुश करतो, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी, रोलर करतो, लहान गिअर करतो. पाणी जवळजवळ पीत नाही, तेल-ग्रीसला दाद देत नाही, लेथवर लोण्यासारखं कापतं. दुकानात गेलं की मालक पहिल्यांदा विचारणार, 'डेलरीन बेका, नायलॉन बेका?', म्हणजे कुठलं पाहिजे, कारण नायलॉन पाणी पिऊन फुगतं आणि बुश शाफ्टला धरतो, ज्यानं एकदा ते भोगलंय तो परत नायलॉन मागत नाही.

दुपारच्या सुट्टीत मोबाईलवर बघत बसलो तर कळलं, अमेरिकेतल्या जुन्या घाटाच्या घडीच्या चाकूंना 1960च्या दशकापासून हेच डेलरीन बसवत आलेत. ड्यूपाँट कंपनीनं ते 1960 साली विक्रीला आणलं. त्याआधी तिकडं हाडाच्या मुठी, आणि भारी चाकूला सांबराचं शिंग, जे आपल्याच देशातनं जहाजानं इंग्लंडात शेफील्डच्या चाकूवाल्यांकडंपण जायचं. डेलरीनवर हाडासारख्या खाचा पाडतात, रंगपण हाडाचा देतात, लांबनं माणूस फसतो. खऱ्या हाडात रक्तवाहिन्यांची बारीक छिद्रं ठिपक्यांसारखी दिसतात, यात नाहीत, आणि एकाच साच्यातनं निघालेल्या दोन मुठींच्या खाचा हुबेहूब सारख्या. तापवलेली सुई टोचून पण कळतं. मी आपल्या तुकड्याला टोचून बघितली, सुई सरळ आत गेली आणि असा उग्र वास आला की डोळ्यातनं पाणी, फॉर्मल्डिहाइडच तो. घरात करू नका.

प्लास्टिकची मूठ म्हटलं की आपण नाक मुरडतो, मीपण मुरडायचो, पण त्याला कारण सेल्युलॉइड नावाचं जुनं प्लास्टिक आहे असं मला वाटतं. 1870 च्या सुमाराला हायट नावाच्या अमेरिकन माणसानं हस्तिदंताला पर्याय म्हणून ते काढलं, दिसायला इतकं देखणं की मुठींना मोत्यासारखी चमक यायची. पण जुनं झालं की आतनं आम्लाच्या वाफा सुटतात, स्वतःचं पातं गंजतं ते गंजतंच, शेजारी ठेवलेल्या चाकूचंपण गंजवतं, आणि काडी लागली तर भडकतं. लहानपणी फुटलेला पिंगपाँगचा बॉल पेटवलाय त्यांना सांगायला नको. एका वाह्यात पोरामुळं अख्खी आळी बदनाम व्हावी तसं झालंय बिचाऱ्या डेलरीनचं.

अजून एक गंमत. हौशी चाकूवाले मायकार्टाची मूठ म्हणून जे मिरवतात ते म्हणजे कापडाचे नाहीतर कागदाचे थर फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवून गरम दाबलेला पाट, वेस्टिंगहाउस कंपनीनं 1910 च्या सुमाराला विजेच्या इन्सुलेशनसाठी काढलेला. अरे म्हणजे आमचं हायलमच की! पॅनेल बोर्डातनं निघालेली हायलमची शीट आमच्याकडं चहाचे ग्लास ठेवायला वापरतात.

तर डेलरीनच्या तीन मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या काढल्या, घासून आकार दिला, एपॉक्सी लावून रात्रभर व्हाइसमध्ये दाबून ठेवल्या. सकाळी व्हाइस सोडला आणि दोन्ही पट्ट्या टपकन खाली. खरबरीत करून परत चिकटवल्या, परत खाली. आमचे मिस्त्री मागं उभं राहून बघत होते, म्हणाले, 'काय करूलास रे? ते कुणाला चिकटतंय व्हय? रिव्हेट मार.' मग पितळी तारेचे तीन तुकडे आरपार घालून हातोडीनं दोन्हीकडनं फुलवले. तिसरा जरा तिरका बसलाय, बघू नका.

बाबांना दिला. त्यांनी ऊस सोलायला घेतला आणि दोन कांड्यांतच म्हणाले, 'घामानं सटकूलाय बग.' खरंच होतं, गुळगुळीतपणासाठीच तर आम्ही त्याचे बुश करतो. मग हॅकसॉच्या पात्यानं आडव्या-तिडव्या खाचा पाडल्या, एक इथं खोल, एक तिथं उथळ, आणि त्या पाडताना लक्षात आलं की मूठ आता थोडी हाडाच्या मुठीसारखी दिसाय लागलीय. नक्कल करायची नव्हती हो, हातातनं निसटू नये एवढंच होतं. हाडावर खाचा पाडणाऱ्यांचंपण आधी तेवढंच असणार.

शिंगाचे जुने दोन तुकडे मी कागदात बांधून ठेवले होते, आठवण म्हणून. आईनं ते ठेचून गुलाबाच्या कुंडीत घातले, शिंगाचं खत गुलाबाला चांगलं म्हणून. मग खिडकीतला डेलरीनचा उरलेला तुकडा उचलून विचारलं, 'आणि हे?'

म्हटलं, ते राहू दे तिथंच.