टिल्लूचा शिधा

टिल्लूला मारायचं की सोडायचं यावर आमच्या जेवणाच्या टेबलावर पावणेदोन तास भांडण झालं. दोनदा केलेला चहा दोनदा गार झाला. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी लिफ्टमध्ये हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक ना?" टिल्लू हा साडेतीन फुटी गॉब्लिन, म्हणजे गोष्टीतला बुटका राक्षस आहे आणि तो मुळात नाहीच, हे दुसऱ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंतच्या वेळात कसं सांगणार? "हो हो, एकदम," म्हणाले.

आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट रचतो. कोथरूडला, एक आड एक रविवारी, चार ते आठ. मी डीएम, म्हणजे जग माझं, हवा-पाणी माझं, आणि त्या जगात भेटणारा प्रत्येक प्राणी मीच. खेळणारे चौघं. मावसभाऊ पॅलाडिन आहे, देवाला शपथ वाहिलेला योद्धा. नाव आल्ड्रिक, पण सगळे आल्ड्रिकराव म्हणतात. ऑफिसातली मैत्रीण क्लेरिक, म्हणजे मंत्र जाणणारी पुजारीण, समोरच्या फ्लॅटमधली एफवायची मुलगी जादूगारीण, आणि नवरा रोग. हा इंग्रजीतला रोग, चोर-उचल्या या अर्थाचा. "माझा नवरा रोग आहे" असं मी एकदा सासूबाईंसमोर बोलून गेले होते.

टिल्लूच्या आधी माझी एक फजिती सांगायला हवी. डीएम झाले तेव्हा मला फार हुशारी दाखवायची होती. या खेळात एक जुना पेच आहे: गुहेतले सगळे गॉब्लिन मारले, आता आत त्यांची पोरं सापडली, करा काय ते. मी तो जसाच्या तसा उचलला. मारलं तर पाप, सोडलं तर पुढे तीच मोठी होऊन गाव जाळणार, आणि हे मी एका म्हाताऱ्या साधूच्या तोंडून आधीच वदवून ठेवलेलं. आल्ड्रिकरावांनी पोरं सोडली. मी तीन सेशननंतर गाव जाळलं आणि त्यांच्या सगळ्या शक्ती काढून घेतल्या. भाऊ काही बोलला नाही. फासे पिशवीत भरले, डब्यातली उरलेली चकली खाल्ली आणि दोन महिने आला नाही.

त्यात मी केलेला गाढवपणा नंतर वाचताना उलगडला. १९७४ साली हा खेळ आला तेव्हा पात्राला निवडायला बाजू तीनच होत्या: लॉ, न्यूट्रल, केऑस, म्हणजे शिस्त, मधलं आणि गोंधळ. १९७८च्या खेळाडूंच्या पुस्तकापर्यंत त्यात चांगलं-वाईटही मिसळून नऊ चौकोन झाले, आणि त्या काळचा पॅलाडिन जाणूनबुजून दुष्कृत्य करून बसला की त्याचं पद कायमचं गेलं. माफी नाही, दाद नाही. आम्ही खेळत होतो २०१४ची आवृत्ती. तिच्यात पॅलाडिनला चुकायची मुभा आहे, प्रायश्चित्त आहे, आणि मुख्य म्हणजे तो स्वतः निवडलेल्या शपथेला बांधलेला असतो. मी चाळीस वर्षांपूर्वीचा दंड आजच्या माणसाला ठोठावला होता. तोही दुष्कृत्याबद्दल नाही, दया दाखवल्याबद्दल! दोन्ही दारं मीच बाहेरून लावून घेतली होती आणि वर "निवड तुझी" म्हणत होते.

आणखी एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नव्हती. क्लेरिक झालेली मैत्रीण तेव्हा नुकतीच बाळंतपणाच्या रजेवरून परतली होती. गुहेतल्या पोरांचं वर्णन मी रंगवून रंगवून करत होते आणि ती "चहा गरम करते" म्हणून उठली ती वीस मिनिटं आलीच नाही. आता आमच्या टेबलाच्या मधोमध कॅरमची राणी ठेवलेली असते. कुणीही ती उचलली की तो प्रसंग तिथेच वळवायचा, कारण विचारायचं नाही. बाकीचे लोक एक्स लिहिलेलं कार्ड ठेवतात. आमच्याकडे कॅरम होता.

तर टिल्लू. तो पहारेकरी होता, पकडला गेला आणि शरण आला. रोगने त्याला शब्द दिला: "वाट दाखव, जिवंत सोडतो." त्याने दाखवली. काम झालं. आता परत गावाला जायला पाच दिवसांचा घाट, आणि पिशव्यांमध्ये वीस शिधे. चार माणसं, पाच दिवस. मी काही म्हणाले नाही, फक्त शिधा मोजायला लावला.

मी दिवसभर लोकांचे जमाखर्च तपासते, म्हणून असेल, पण मला आता पेच शोधावे लागत नाहीत, ते वहीतच सापडतात. आमच्या आवृत्तीतला नियम साधा आहे. माणशी दिवसाला एक पौंड अन्न. अर्धं खाल्लं तर अर्धा दिवस उपास धरायचा. तीन दिवस अधिक तुमच्या प्रकृतीचा आकडा, एवढंच शरीर ओढतं, मग थकव्याचे दंड सुरू. पाचवं तोंड आलं की चौघांचा हिशेब बिघडतो. "जीव घेणं योग्य का अयोग्य" यावर या मंडळींनी दहा मिनिटांत झकास भाषणं केली असती. "माझ्यातला अर्धा शिधा याला देऊ का" म्हटल्यावर टेबल गप्प झालं.

मग एफवायवाली म्हणाली, "ताई, याचं नाव काय?" मला सुचलं नाही. तिनेच आपल्या पात्राच्या शीटच्या कोपऱ्यात लिहिलं: टिल्लू. संपलं. नाव ठेवलेल्याला कोण मारतं? शिधा पाच जणांत वाटला गेला.

भांडण पेटलं ते तिसऱ्या मुक्कामावर. क्लेरिकने सहज, निव्वळ खात्री म्हणून, झोन ऑफ ट्रूथ हा मंत्र टाकला. पंधरा फूट त्रिज्येचं वर्तुळ, दहा मिनिटं, आत अडकलेल्याला खोटं बोलता येत नाही. तिने विचारलं, गावचं कोठार कुणी जाळलं? मी ते ठरवलंच नव्हतं. पडद्याआड वीस बाजूंचा फासा टाकला: विषम आला तर टिल्लू, सम आला तर त्याचा सरदार. सात आला. टिल्लू म्हणाला, "मी."

आणि आल्ड्रिकरावांनी डोक्याला हात लावला. कारण दोन महिन्यांपूर्वी (खेळातले थोडेच दिवस), कोठाराच्या राखेत उभं राहून, गावासमोर त्यांनी शपथ घेतली होती: "हे ज्याने केलं तो पुढची पौर्णिमा बघणार नाही." पौर्णिमा नऊ दिवसांवर. इकडे रोगचा शब्द, तिकडे आल्ड्रिकरावांची शपथ. दोन्ही मी घ्यायला लावलेल्या नव्हत्या. गुहेतल्या पोरांच्या वेळी मला उत्तर माहीत होतं, म्हणून तो खेळ नासला. या वेळी मला खरंच माहीत नव्हतं. मी खुर्चीत मागे रेलून नुसती ऐकत बसले.

इथे सासरे, म्हणजे बाबा, आले. म्हणजे ते तिथेच होते, पेपरमागे. आमच्यामुळे टीव्ही बंद, त्यामुळे रविवारी ते जरा वैतागलेलेच असतात. पेपर खाली न करता म्हणाले, "अरे, हे सगळं कर्णपर्वात होऊन गेलंय."

सतरावा दिवस. कर्णाकडून मार खाऊन युधिष्ठिर शिबिरात पडलेला. अर्जुन भेटायला येतो. कर्ण अजून जिवंत आहे कळल्यावर धर्मराज भडकतात, म्हणतात, ते गांडीव दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक. आणि अर्जुनाचं गुप्त व्रत असं, की गांडीव दे म्हणणाऱ्याचं मस्तक उडवायचं. तो तलवार उपसतो. थोरल्या भावावर! कृष्ण अडवतो आणि वाट काढून देतो: मानाच्या माणसाला 'तू' म्हटलं की तो मेल्यासारखाच. तेवढं कर.

"म्हणजे अरे-तुरे केलं की झालं?" एफवायवाली खूश. ती बाबांना 'आजोबा' म्हणते आणि एकेरीतच बोलते. बाबांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

भावाला मात्र धागा मिळाला. शपथेचे शब्द काय होते? 'पौर्णिमा बघणार नाही.' त्याने शीटवर लिहिलेले शब्द दोनदा वाचले. मग म्हणाला, "त्या रात्री मी त्याचे डोळे बांधतो. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत. मी स्वतः शेजारी बसून राहणार."

टाळ्या पडल्या. मीही वाजवली एक. पण मला ते पटलंही नव्हतं आणि मोडूनही काढायचं नव्हतं. देवाला कौल लावून शक्ती काढून घ्यायचा मोह पुन्हा झालाच, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात बाबा पेपरमागून म्हणाले, "पुढचं ऐका की. ते 'तू' म्हणून झाल्यावर अर्जुनाने पुन्हा तलवार काढली, या वेळी स्वतःसाठी. आणि धर्मराज अंथरुणातून उठून वनात जायला निघाला." युक्ती चालली, पण दोन माणसं पार मोडली, आणि कृष्णाला पुन्हा समजूत काढत बसावं लागलं. हे मी विसरले होते.

म्हणून मी देवाला बाजूला ठेवलं आणि पुढच्या रविवारी कोठारवालीला आणलं. पौर्णिमेची रात्र व्यवस्थित पार पडली. टिल्लूच्या डोळ्यांवर रोगचा रुमाल, आल्ड्रिकराव रात्रभर जागे. सकाळी ती आली, म्हातारी, हातात रिकामी परडी. मी तिच्या आवाजात एवढंच बोलले: "तुमची शपथ तुम्ही सांभाळलीत. माझं धान्य?"

कुणाकडेच उत्तर नव्हतं. रोगने खिशातलं सोनं काढलं, तिने घेतलं नाही. घाटात अडकलेल्या गावात सोनं शिजवून खाता येत नाही. टिल्लू रुमाल हातात घेऊन उभा. मग क्लेरिकने विचारलं, "किती होतं कोठारात?"

"एक खंडी," मी ठोकून दिलं. आतल्या खोलीतून आवाज आला, "खंडी म्हणजे वीस मण, मणाला बारा पायली, दोनशे चाळीस पायली!"

तेव्हापासून वहीत वेगळं पान आहे. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात आणलेलं धान्य, तिसऱ्यात बाकी. टिल्लू शेतात राबतो, बाकीचे स्वाऱ्यांवरून जमेल ते आणतात. गावातले तिघं अजून त्याच्याकडे बघून थुंकतात, आणि ते थुंकणं मी दर वेळी वर्णन करते. गेल्या रविवारी साडेअकरा पायली जमा झाली. बाकी दोनशे पाच. एफवायवालीने बेरीज चुकवली होती, बाबांनी पेन्सिलीने दुरुस्त केली.