बबल रॅप चित्राला चिकटतो तेव्हा

खानदेशात समूहप्रदर्शन भरवायचं तर डिसेंबर-जानेवारीत भरवावं, हे मी पूर्वीही म्हणत असे. एप्रिलमधल्या त्या दुपारनंतर ते जास्तच ठासून सांगतो. जळगावच्या आमच्या लहानशा दालनात धुळे, चाळीसगाव आणि शहाद्याकडच्या सात चित्रकारांची कामं लागायची होती. उद्घाटन संध्याकाळी सहाला. धुळ्याची चित्रं पारोळा-एरंडोल रस्त्याने छोट्या टेम्पोतून भर उन्हात आली. वर काळी ताडपत्री, आत नऊ ॲक्रिलिक कॅनव्हास एकावर एक आडवे रचलेले. प्रत्येकाला बबल रॅपचे दोन वेढे, आणि फुगे आतल्या बाजूला.

पहिला वेढा सुटला. दुसरा सुटेना. फुगे रंगाला चिकटले होते.

कारण साधं आहे. ॲक्रिलिक रंग म्हणजे पाण्यात मिसळलेलं प्लास्टिक. पाणी उडून गेलं की हाताला कोरडा लागतो, पण उष्णतेत तो पुन्हा मऊ पडतो. बाहेर ४३ अंश असताना ताडपत्रीखाली त्याहून कितीतरी जास्त तापतं. त्यात वरच्या चित्रांचं वजन खालच्यांवर. मऊ रंग, गरम प्लास्टिक आणि दाब, तिन्ही एकत्र आले की चिकटणारच. तैलरंगाचं वेगळं. त्यातलं जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, त्यामुळे नीट वाळलेलं तैलचित्र असं मऊ पडत नाही. मात्र पॅलेट नाइफने, म्हणजे रंग थापायच्या बोथट सुरीने, जाड थापलेला तैलरंग वरून सुकलेला वाटला तरी आत कित्येक महिने ओला राहतो, तेव्हा त्याचीही खात्री देता येत नाही.

"आते काय करानं, भाऊ?" चित्रकार दारातच उभे राहून विचारत होते. आधी काहीच करायचं नाही, एवढंच मी सांगितलं. गरम असताना ओढलं तर प्लास्टिकबरोबर रंगही निघतो. स्वच्छ चादरी अंथरलेल्या टेबलांवर नऊही कॅनव्हास चित्राची बाजू वर ठेवून सुटे मांडले, एसी २२ वर लावला आणि तासभर कुणी हात लावायचा नाही असं ठरवलं. कुणीतरी बर्फ आणायला निघालं होतं, त्यांना थांबवलं. फार गार झालेला ॲक्रिलिक कडक आणि ठिसूळ होतो, कापड जरा वाकलं की तडकतो. शिवाय बर्फाखाली पाणी सुटतं ते निराळंच.

तासाभराने सोडवायला घेतलं. प्लास्टिक चौकटीच्या कडेवर कात्रीने कापायचं, चित्रावर ब्लेड कधीच नाही. मग कोपऱ्यापासून सुरुवात. प्लास्टिक वर उचलायचं नाही, ते स्वतःवरच दुमडून चित्राला अगदी समांतर मागे न्यायचं, म्हणजे रंगावर उभा ताण येत नाही. एकाने चौकट धरायची, दुसऱ्याने सावकाश सोलायचं. पातळ रंगाकडून जाड थराकडे जायचं आणि अडलं की लगेच थांबून दुसऱ्या बाजूने यायचं. सात चित्रं सुटली, पण त्यांच्यावर फुग्यांची गोल वळं राहिली. रंग होता तसाच, चमक मात्र बदललेली. दोन चित्रांत केळीच्या पानांवरचा जाड रंग प्लास्टिकबरोबर आला. निघालेले तुकडे बटर पेपरात घडी करून, कुठल्या चित्राचा कुठला कोपरा ते लिहून चित्रकाराच्या हवाली केले. ते पुन्हा बसवायचे की तिथे नव्याने रंगवायचं, हा अधिकार त्यांचाच.

"वरून वार्निश मारा, वळं झाकली जातील," असा सल्ला आलाच. घाईत वार्निश नको, यावर मी ठाम होतो. अजिंठा इथून फार लांब नाही. तिथे १९२०-२२ मध्ये इटालियन तज्ज्ञांनी भिंतीचित्रं जपण्यासाठीच लाखेचं वार्निश दिलं होतं. पुढे ते पिवळं पडलं, मूळ रंग त्याखाली झाकोळले आणि ते काढण्याचं किचकट काम पुढच्या पिढ्यांवर येऊन पडलं. जाणकारांच्या हातून असं घडू शकतं, तर उद्घाटनाच्या दोन तास आधी आपण ब्रश हातात घेऊ नये.

दोन चित्रं बाजूला ठेवली आणि धुळ्याची भिंत नव्याने मांडली. आमच्याकडे चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर धरतात. कॅनव्हास ३० इंच उंच असेल आणि टांगायची मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून ३ इंच खाली येत असेल, तर ५८ अधिक १५ वजा ३, म्हणजे ७० इंचांवर खिळा. मोठ्या चित्राला एक खिळा देऊ नये, दोन द्यावेत; पंख्याच्या वाऱ्याने ते तिरकं होत नाही. जुन्या प्लास्टरमध्ये नुसता खिळा टिकत नाही. ६ मिलिमीटरचं भोक, त्यात स्क्रू धरून ठेवणारी गिट्टी आणि स्क्रू, एवढं करावंच लागतं. चाळीसगावची जलरंगचित्रं पश्चिमेच्या खिडकीपासून लांब, मंद उजेडात लावली. लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप; जलरंगाला ५० लक्सच्या आसपास पुरे, तैल आणि ॲक्रिलिकला २०० पर्यंत चालतो.

खरा वेळ गेला दिव्यांत. भिंतीला चाटून जाणारा प्रकाश ब्रशचे फटकारे छान उठवतो, पण तोच प्रकाश वळंही उठवतो. म्हणून त्या भिंतीचे दिवे मागे सरकवले, दोन्ही बाजूंनी मऊ प्रकाश सोडला आणि समोर उभं राहून एकेक चित्र तपासलं. सहाच्या आत झालं. नारळ, दीपप्रज्वलन, भाषणं नेहमीसारखीच.

चित्रं परत पाठवताना बांधणी बदलली. चित्रावर आधी बटर पेपर, चारही कोपऱ्यांना जाड पुठ्ठ्याचे कोन, म्हणजे वरचं आवरण रंगाला टेकतच नाही. मग पुठ्ठा आणि सगळ्यात शेवटी बबल रॅप, फुगे बाहेर. टेम्पोत चित्रं उभी, कडेवर टेकलेली, दोन दोन समोरासमोर. निघायचं पहाटे, ऊन चढायच्या आत धुळ्यात.

वळं उठलेल्या सातांपैकी एका चित्राला गिऱ्हाईक मिळालं. पैसे घेण्याआधी त्या ताईंना चित्र खाली उतरवून दाखवलं, बाजूने टॉर्च मारून प्रत्येक वळ दाखवला आणि बिलावर तसं लिहून दिलं. चित्रकाराने किंमत स्वतःहून कमी केली, ती किती करायची यात आम्ही पडलो नाही.