मागची लग्नं किती?

28 जून 2013, शुक्रवार. सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलमध्ये विवाह परवान्याच्या काउंटरवर माझी ड्यूटी होती आणि दुपारी आम्ही तसे निवांतच होतो. दोनच दिवसांपूर्वी ‘प्रपोझिशन 8’चा निकाल लागला होता. निकालही मोठा मजेशीर. 2008 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी कौल देऊन समलिंगी विवाह बंद केले. 2010 मध्ये न्यायाधीश वॉकर यांनी ती बंदी घटनाबाह्य ठरवली, राज्य सरकारने तिची बाजू मांडायला नकार दिला, म्हणून बंदीचे समर्थकच अपिलात गेले. अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, अपील करायचा तुम्हाला अधिकारच नाही. बंदी बरोबर की चूक, यावर चकार शब्द नाही! त्यामुळे वॉकर यांचा निकाल तेवढा कायम राहिला. इतकी वर्षं भांडून सुटका झाली ती अशी, मागच्या दाराने. मला ते तेव्हाही खटकलं होतं.

अपील चालू असेपर्यंत वॉकर यांच्या निकालाला स्थगिती होती. फेरविचाराच्या मुदतीमुळे ती उठायला अजून तीनेक आठवडे लागणार, असं सगळेच धरून चालले होते. आणि साडेतीनच्या सुमारास अपील न्यायालयाने एका वाक्यात ती उठवून टाकली. मग काय विचारता! खटल्यातल्या क्रिस पेरी आणि सँडी स्टीअर धावतपळत आल्या, राज्याच्या तेव्हाच्या ॲटर्नी जनरल (मुख्य कायदा अधिकारी) कमला हॅरिस यांनी घुमटाखालच्या सज्जात त्यांचं लग्न लावलं. टाळ्यांचा आवाज आमच्यापर्यंत येत होता, पण मान वर करायला फुरसत कुणाला? रांग दाराबाहेर गेली होती.

त्या रांगेतले दोन आजोबा माझ्या खिडकीशी आले. दोघंही सत्तरीच्या पुढचे. एकाच्या हातात प्लास्टिकचं फोल्डर, चष्मा दोरीने गळ्यात. अर्जात ‘यापूर्वीची लग्नं किती?’ असा रकाना असतो. त्यांनी तिथे 1 लिहिला आणि फोल्डरमधून आमच्याच शहराच्या शिक्क्याचा 2004 चा दाखला काढून पुढे सरकवला.

त्या वर्षी शहराचे तेव्हाचे महापौर न्यूसम यांनी 12 फेब्रुवारीपासून महिनाभर समलिंगी जोडप्यांना विवाह परवाने दिले होते. सुमारे 4,000 जोडप्यांची लग्नं लागली आणि ऑगस्टमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती सगळी रद्दबातल ठरवली. म्हणजे घटस्फोट नाही, काही नाही. कायद्याच्या लेखी ते लग्न झालंच नव्हतं.

“इथे शून्य लिहावं लागेल,” मी सांगितलं.

“याच्याशीच झालं होतं,” ते म्हणाले.

“हो, तरीही.”

ते बराच वेळ पेन धरून बसले. 2008 मध्ये मतदानापूर्वी साडेचार महिने अशी लग्नं होत होती. तेव्हाची सुमारे 18,000 लग्नं पुढे कोर्टानेही कायम ठेवली. “तेव्हा का नाही आलात?” मी विचारलं. दुसऱ्यांनी शर्टाचं वरचं बटण सोडून छातीवरचा बायपासचा व्रण दाखवला. मागचे लोक चुळबुळ करायला लागले होते. शेवटी त्यांनीच नवऱ्याच्या हातातलं पेन घेतलं, 1 खोडून शून्य काढला आणि शेजारी आद्याक्षरं टाकली.

मग फोल्डरवाल्यांनी मिस्कीलपणे विचारलं, “तेव्हा कोर्टाने मागणाऱ्यांना फी परत द्यायला सांगितलं होतं. आम्ही मागितली नाही. ती यात वळती होईल का?”

“नाही हो. नवा अर्ज, नवी फी.”

“वाटलंच मला,” म्हणत त्यांनी कार्ड काढलं.