अडसर आतून हवा

"फौजेत सुतार? आणि तोही आफ्रिकेत? मग तिकडं तुम्ही केलंत तरी काय?"

लग्नात विचारतात, जत्रेत विचारतात, 15 ऑगस्टला शाळेच्या पटांगणात झेंडावंदन झाल्यावर विचारतात. परवा भाचीच्या साखरपुड्यात व्याह्यांनी विचारलं. हातात ताट होतं, वाढपी आमटी घेऊन समोर उभा होता. तेवढ्यात सांगून होण्यासारखं ते नाही. तुम्ही मनापासून विचारलंत म्हणून आज नीट बसून लिहितोय.

आधी फौजेतल्या सुताराचं सांगतो. लष्कराच्या इंजिनियर दलातल्या शिपायाला सॅपर म्हणतात. मी बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे पुण्याजवळच्या खडकीचा. भरती झालेल्या पोराला तिथं आधी शिपाई म्हणून तयार करतात. कवायत, रायफल, सुरुंग, पूल हे सगळ्यांना सारखंच. मग ट्रेड मिळतो. कुणी गवंडी, कुणी लोहार, कुणी प्लंबर, कुणी मोठी यंत्रं चालवणारा. मी वाळवा तालुक्यातल्या सुताराच्या घरचा. गावातल्या निम्म्या तिफणी आणि कुळव आमच्या वडिलांनी भरलेले. माझा ट्रेड ठरायला वेळ लागला नाही. उस्तादांनी मात्र पहिल्याच दिवशी सांगितलं, "घरी शिकलास ते चांगलंच आहे. इथं तेच काम रात्री, पावसात, हातात असेल त्या लाकडात करायला शिक."

खडकीत प्रत्येक रंगरूटाला प्रेमिंद्रसिंह भगत यांची गोष्ट सांगतात. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी, आणि आमच्या बॉम्बे सॅपर्सचे. 1941 साली सुदान आणि ॲबिसिनियाच्या, म्हणजे आजच्या इथियोपियाच्या, सीमेवर, गल्लाबात-मेतेम्माच्या पुढं, त्यांनी चार दिवसांत 55 मैलांची वाट साफ केली. त्या वाटेवरचे सुरुंगांचे 15 पट्टे काढले. त्यांची गाडी दोनदा सुरुंगावर उडाली, तरी ते थांबले नाहीत. लढाई पुढं सरकते ती अशा हातांच्या कामावर, हे माझ्या डोक्यात तेव्हापासून बसलं. त्याच मुलखाकडं आपली पावलं वळतील, असं मात्र तेव्हा स्वप्नातही नव्हतं.

2022 साली संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत माझी निवड झाली. जायचं होतं दक्षिण सुदानमधल्या मलाकालला. हा देश 9 जुलै 2011 रोजी स्वतंत्र झाला आणि 2013 च्या डिसेंबरात तिथं आपसातलं युद्ध पेटलं. मलाकाल शहर या बाजूकडून त्या बाजूकडं किती वेळा गेलं त्याला गणती नाही. लोक जीव मुठीत धरून संयुक्त राष्ट्रांच्या तळाच्या आसऱ्याला आले आणि तिथंच राहिले. त्यातून तळाला लागून छावणीचं एक गावच झालं. 2016 च्या फेब्रुवारीत त्या छावणीवरही हल्ला झाला, झोपड्या जळाल्या, माणसं मेली. आम्ही पोचलो तेव्हाही हजारो माणसं तिथंच होती, आणि त्या वर्षाच्या शेवटी आसपास पुन्हा लढाई पेटल्यावर नाईलच्या काठाकाठानं आणखी हजारो आली.

काहीजण डोळा मारून म्हणतात, मिशन म्हणजे जादा पगार आणि सहल. त्यांना मी एवढंच सांगतो की 9 एप्रिल 2013 रोजी याच देशात, गुमुरुकजवळ, टपून बसलेल्यांच्या गोळीबारात आपले पाच फौजी गेले. संयुक्त राष्ट्रांच्या ताफ्याला वाट दाखवत, सोबत करत चालले होते ते. सहलीला गेलेला माणूस पेटीत परत येत नाही.

मलाकाल पांढऱ्या नाईलच्या काठावर आहे. हेलिकॉप्टरमधून उतरलो, बूट जमिनीला लागला आणि मी खाली बसून माती हातात घेतली. काळी! आमच्या कृष्णाकाठासारखी काळी. उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. मे महिन्यापासून पाऊस लागला की तीच माती फुगते आणि बुटाला पायलीभर चिकटते. गाडी रुतली की रुतलीच. शेतकरी अशा मातीवर जीव टाकतो, बांधणाऱ्याचा मात्र ती जीव काढते. आपल्याकडं निदान खाली मुरूम लागतो, डोंगराला दगड असतो. तिथं मैलोन्‌मैल दगड दिसत नाही. भरावाला मुरूम हवा तर लांबून आणायचा, तोही वाट सुरू असेल तेव्हा.

ही माती मला कळते, अशा भरवशावर मी होतो. तीच माझी चूक झाली.

पहिलं मोठं काम पहाऱ्याच्या मचाणाचं. चार खांब, मध्ये कैच्या, वर फळ्यांचा माळा, माळ्याभोवती मातीच्या गोण्या, डोक्यावर पत्रा. ऐकायला सोपं आहे. पण भरलेली एक गोणी साधारण 20 किलोची. वर 150 गोण्या लागल्या, म्हणजे तीन टन झाले, आणि ते ओझं माणसाच्या डोक्याच्याही बरंच वर. मी घरच्या सवयीनं खड्डे खणले, खांब पुरले, माती ठोकून बसवली. एप्रिलात मचाण ओळंब्याला सरळ होतं. मे सरता सरता पहिला मोठा पाऊस झाला आणि सकाळी बघतो तर नदीकडचा खांब चार बोटं खाली गेलेला. वर रात्रभर एक पोरगं पहाऱ्याला होतं. त्याला कळलंही नव्हतं. उतरून मला म्हणाला, "रात्री वाऱ्यानं जरा हललं." मी त्याच्याकडं बघू शकलो नाही.

सुबेदार साहेब रागावले नाहीत. ओळंबा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "संध्याकाळपर्यंत." सगळ्या गोण्या उतरवल्या. जॅक लावून एकेक खांब उचलला. मातीत भोक पाडून खांब रोवला की पाणी त्याच भोकातून खाली मुरतं आणि खांबाखालची जमीन लोण्यासारखी होते. म्हणून खड्डे बुजवले. प्रत्येक खांबाखाली जाड लाकडांची दुहेरी जाळी घातली, खालची आडवी, वरची उभी, हत्तीच्या पायासारखी रुंद. खांब वर उभा केला आणि बोल्टांनी आवळला. वाळवी लागू नये म्हणून बुडख्यांना जळकं ऑइल पाजलं. आता माती फुगली तर सगळं मचाण एकदम उचलेल, एकदम बसेल, पण कलणार नाही. त्या रात्री पहाऱ्याला तेच पोरगं होतं. मीही त्याच्याशेजारी वर बसून राहिलो, पहाटेपर्यंत. कुणी सांगितलं नव्हतं.

लाकूड कुठून आणायचं हा रोजचा घोर. आसपास बाभळीच्या जातीची झाडं आहेत, पण लोक त्यांचा कोळसा पाडून पोट भरतात. त्यांच्या तोंडचं लाकूड मी तोडणार नव्हतो. ताडासारखी उंच झाडंही आहेत. त्यांच्याकडं बघून कोकणात गेल्यासारखं वाटायचं. एवढं खरं, की जाताना राजधानी जुबाला विमानतळाच्या वाटेवर रस्त्याकडेला खाट विकणारा एक माणूस दिसला आणि मी गाडीतूनच वास घेतला. तेलकट, चामड्यासारखा. सागवान! इंग्रजांनी या देशाच्या दक्षिण भागात सागाची लागवड केली होती, तिचं लाकूड आजही बाजारात येतं. पाच हजार किलोमीटरवर आपल्या घरच्या तुळईचा वास आला. मलाकालला मात्र साग स्वप्नातच. माझ्या वाट्याला आली खोकी. आमचं सामान भारतातून बोटीनं ज्या लाकडी खोक्यांतून आलं, ती मी एकही जाळू दिली नाही. परदेशी पाठवायचं खोक्याचं लाकूड कीड मारायला तापवून घेतात, गाभ्यापर्यंत 56 अंश, निदान 30 मिनिटं. त्यामुळं त्यात आतली कीड उरत नाही. खिळे सरळ करून डब्यात ठेवायचो आणि फळ्या रंधून पालथ्या घालायचो.

त्या फळ्यांचं मी काय केलं, तेच खरं तुम्हाला सांगायचं आहे.

छावणीतल्या दवाखान्याजवळ बायकांसाठी न्हाण्या आणि संडास उभे राहिले होते. भिंती पत्र्याच्या, दारांच्या जागी ताडपत्री. पावसाळ्यात ताडपत्री फडफडायची, फाटायची. दारं करून द्यायचं काम आमच्याकडं आलं. बारा दारं. मला हे काम सोपं वाटलं. तीन आडव्या पट्ट्या, एक तिरकी, फळ्या उभ्या. चौकट जमिनीत न रोवता खाली आडवा उंबरा टाकून त्यावर उभी केली, म्हणजे माती हलली तर चौकट अखंड हलेल, दार अडकणार नाही. तळाशी दोन बोटं जागा सोडली. बाहेरून कोयंडे ठोकले, दारं वाऱ्यानं आपटू नयेत म्हणून. चार दिवसांत काम संपवलं आणि मनातून खूश होतो.

माझ्यासोबत छावणीतलाच एक सुतार होता. युद्धाआधी मलाकाल गावात त्याचं दुकान होतं. पळताना हातात आली ती करवत तेवढी घेऊन तो निघाला होता. आम्हाला एकमेकांची भाषा येत नव्हती. पहिल्या दिवशी त्यानं स्टुलाकडं बोट दाखवून म्हटलं, "कुर्सी." मी हसलो आणि हत्यारांच्या पेटीवर हात ठेवून म्हटलं, "संदूक." तो ओरडलाच, "संदूग!" अरबीतून निघालेले हे शब्द एका वाटेनं आपल्याकडं आले, दुसऱ्या वाटेनं त्याच्याकडं गेले. सुताराला तो नज्जार म्हणायचा. दिवसभरात आमच्या दोघांत वीसेक शब्द पुरायचे. बाकी सगळं गुण्या आणि पेन्सिल बोलायची.

दारं बसवली त्या संध्याकाळी एक बाई आली. उंच, कडेला मूल. तिनं दार उघडलं, आत गेली, दार लोटलं आणि आतून ओढलं. दार उघडं झालं. तिनं पुन्हा लोटलं, पुन्हा ओढलं. मग बाहेर येऊन माझ्या कोयंड्यावर बोट ठेवलं, मान हलवली आणि तेच बोट दाराच्या आतल्या अंगाला टेकवलं. एक शब्द बोलली नाही.

मला चटका बसला. मी ती दारं सामानाच्या खोलीला लावतात तशी लावली होती. सामान आत, कुलूप बाहेर. इथं आत माणूस होतं. रात्री अंधारात त्या बाजूला जायला बायका भितात, पहाटेपर्यंत तशाच पडून राहतात, हे दुभाष्यानं मला नंतर सांगितलं. मला आधीच कळायला हवं होतं. आमच्या आजीच्या वाड्याला आतून अडसर होता. आजोबा गेल्यावर आजी एकटी राहायची. रोज रात्री तो अडसर सरकवल्याचा आवाज आला की आम्ही शेजारच्या घरात म्हणायचो, आजी निजली.

बाजारात कड्या नव्हत्या. स्टोअरमध्ये होत्या त्या चार. म्हणून लाकडाचेच अडसर करायचं ठरवलं. दीड हात लांबीची पट्टी, दोन खाचा, सरकायला दोन कान, आणि पट्टी निसटून पडू नये म्हणून मधोमध एक खिटी. खिटीला करवतीनं नुसतं कापून चालत नाही. ती पटाशीनं कोरून किंचित निमुळती करावी लागते, नाहीतर पावसात फुगली की जागची हलत नाही. बारा दारं, बारा अडसर, तीन दिवस लागले. खिट्या त्या नज्जारानं केल्या. माझ्यापेक्षा सुबक केल्या. एका अडसरावर बंदराच्या शिक्क्यातलं अर्धं नाव तसंच राहिलं होतं. रंधा मारून काढता आलं असतं, मी राहू दिलं.

ती बाई पुन्हा आली. आत गेली. दार लागलं. मी आणि नज्जार बाहेर उभे. आतून आवाज आला, खट्. मग काही वेळ काहीच नाही. मग ती आतून काहीतरी बोलली आणि नज्जार हसायला लागला. मी विचारलं, काय म्हणाली? त्यानं हातानंच सांगितलं, ढकलून बघ म्हणतेय. मी दोन्ही हातांनी ढकललं. दार हललं नाही.

रायफल होती का, असंही विचारता. होती. काम करताना दोन हातांवर, दिसेल अशी ठेवलेली असायची. वर्षभरात ती रोज पुसली. रंधाही रोज पुसला.

वर्ष भरलं तेव्हा नव्या तुकडीतला सुतार माझी जागा घ्यायला आला. पंजाबकडचा, कोवळा पोरगा. सरकारी यादीत हत्यारं मोजून दिली, सही घेतली. मग माझी वही काढली आणि त्याला हिंदीत लिहून घ्यायला लावलं. नदीकडच्या मचाणाचे पायाचे बोल्ट मे लागायच्या आत आवळायचे. जळकं ऑइल दर तीन महिन्यांनी पाजायचं. दवाखान्याजवळची दारं जूनमध्ये फुगतात, तेव्हा खालून सूतभर रंधायची, बिजागरीच्या बाजूनं नाही. नवं दार केलं तर कोयंडा नंतर, आधी अडसर. अडसर आतून.

"आतून," तो लिहिता लिहिता म्हणाला. "खाली रेघ ओढ," मी म्हटलं. त्यानं ओढली.