आमची वाटचाल : दोन पेन्सिल सेल आणि एक उशी

एमआयडीसीचा १९६२ मध्ये जन्म झाला, तो ठाण्याच्या आमच्या वागळे इस्टेटमध्ये. तिथल्या लेथवाल्यांच्या रांगेत आम्ही उशा शिवायला बसलो तेव्हा शेजारचे गाळेवाले हसले. हसू देत. मांडीवर घेऊन कोपरा दाबला की उशी चार सेकंद हलकेच थरथरते, सहा सेकंद गप्प. थरथर असेपर्यंत श्वास आत, मग बाहेर. मिनिटाला सहा श्वास. ठाण्याहून सीएसएमटीला रोज लटकत जाणाऱ्याला याहून जास्त समजवावं लागत नाही.

उशीत तारेऐवजी वीज नेतो तो चांदीचा धागा. पहिले काही महिने मी तो सुईत ओवत होते. मशीनच्या टेन्शनच्या चकत्यांमधून जाताना तो पिंजायचा, तुटायचा. मास्तरांनी मला मशीनवरून उठवलं. "ताई, हा खाली घ्या, बॉबिनला. वर साधा पॉलिएस्टर." त्या दिवशी टाका बसला. ब्लाउज शिवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने पाच मिनिटांत सोडवलेलं कोडं. बटण सेल थरथरवणाऱ्या मोटारीला पुरेना, म्हणून दोन पेन्सिल सेल आले.

मग ती ऑर्डर. एका कंपनीने (नाव घेत नाही) कर्मचाऱ्यांसाठी साठ उशा घेतल्या, उधारीवर. जुलैत एकेचाळीस परत. घाम आणि दमट हवा लागून चांदी काळी पडलेली, मीटरवर ओहम चढलेले, म्हणजे वीज नीट जाईना. काहींत गाठीपाशी सुटलेले तंतू शेजारच्या ओळीला टेकून शॉर्ट. एक उशी रात्रभर थांबेचना, शेवटी ती ज्यांच्याकडे होती त्या बाईंनी बादलीत बुडवली. चूक आमचीच होती, मान्य. पण सहा महिन्यांनी त्यांच्याच रिसेप्शनवर दुसऱ्या कुणाची उशी दिसली. मास्तर कोपऱ्यात उलटा लॉक घेतात, तोसुद्धा जसाच्या तसा!

आम्ही स्टीलच्या धाग्यावर गेलो. काळा पडत नाही, पण ताठ, आणि सोल्डरचा डाग धरत नाही. गाठच घट्ट मारायची, टोक अगदी आखूड कापायचं, वर बिनरंगी नेलपॉलिशचा थेंब. जांभळी नाक्यावर मी डझनाने बाटल्या घेते, दुकानदाराला वाटतं माझं पार्लर आहे. या धंद्यात पडणार असाल तर ऐका: धुऊन, वाळवून पुन्हा मीटर लावल्याशिवाय एकही नग बाहेर काढू नका. आणि अर्धे पैसे आधी.

त्या पावसाळ्यात गाळ्याचं भाडं थकलं होतं. तेव्हा नौपाड्यातल्या काकू, आमचं पहिलं गिऱ्हाईक, बंद पडलेली उशी चौथ्यांदा घेऊन आल्या. पैसे परत मागतील म्हणून मी पर्स चाचपत होते. त्या म्हणाल्या, "सहा सेकंद फार होतात गं, मला दम लागतो. माझी पाचाची कर." आणि बहिणीसाठी एक नवी घेतली, रोखीने.

साठातल्या एकेचाळीस परत आल्या. उरलेल्या एकोणीस उशांचं बिल अजून माझ्या फायलीत आहे.