आजीसारखं बोलू नको

"आजीसारखं बोलू नको, शाळेत हसतील!"

अमळनेरला ताईकडे गेलो होतो. शेजारच्या बाईंनी पोराला असं दटावलं. तो आजीकडे अहिराणीत फक्त भुईमुगाच्या शेंगा मागत होता. पोरगं एकदम गप्पच झालं.

समोर भाची बसली होती, अमेरिकेतल्या यूटाहून आलेली. तिची लेक तिथं सरकारी शाळेत मँडरिनमधून, म्हणजे चिनी भाषेतून शिकते. अर्धा दिवस चिनी, अर्धा दिवस इंग्रजी, दोन्हीच्या बाई वेगळ्या. चिनीच्या बाई वर्गात चिनीच बोलतात, गणितसुद्धा. त्या राज्यानं २००८ मध्ये यासाठी कायदाच केला.

"तुला येतं का गं चिनी?" मी विचारलं.

"छे मामा, एक अक्षर नाही. ती वाचते, मी ऐकते. आणि घरी आम्ही मराठीच बोलतो."

तेवढ्यात लेकीनं वहीत एक चित्राक्षर काढलं. आडवी रेघ आधी, उभी नंतर. क्रम चुकला तसं खोडून पुन्हा पहिल्यापासून. जीभ दातात धरून!

मला राहून राहून शेजारचं पोरगं आठवतंय. घरात अहिराणी, गल्लीत मराठी, शाळेत इंग्रजी. शाळेत जायच्या आधीच त्याच्याकडे दोन भाषा होत्या, त्याही फुकट. २०२० चं शैक्षणिक धोरणही म्हणतं, शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा. आणि आपण घरातच तिला बंदी घालतोय. मला हे फार लागलं.

जळगाव-धुळ्याकडच्या आईबाबांनो, तुमची पोरं आजी-आजोबांशी अजून अहिराणीत बोलतात का?